हेल्मेट घेताना आधी आत बघा

दुकानात आलेलं गिऱ्हाईक हेल्मेट हातात घेतं आणि आधी त्यावर बोटांनी टकटक करतं. बाजारात माठ घेताना करतात तसं. आवाज टणक आला की मान हलवतं, मग रंग बघतं, मग "ताई, शेवटचा भाव सांगा." आत हात घालून बघणारी माणसं मी इतक्या वर्षांत फार थोडी पाहिली. आणि सगळी करामत तर आतच असते.

आमचं दुकान साताऱ्यात, पोवई नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर. १९९८ साली आमच्या ह्यांनी सीट कव्हरं शिवायला सुरुवात केली. पुढे आरसे आले, हॉर्न आले, आणि एका दिवाळीत एका घाऊक व्यापाऱ्याने उधारीच्या बदल्यात चाळीस हेल्मेटं आमच्या गळ्यात मारली. ती टांगायची, पुसायची आणि खपवायची जबाबदारी माझ्याकडे आली, ती आजतागायत. शिलाई मशीन ह्यांचं, हेल्मेटांची भिंत माझी. कासच्या पठारावर फुलं आली आणि बघायला येणाऱ्यांची गर्दी झाली की दिवसभर तेच ते बोलून संध्याकाळी माझा घसा बसतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या जे सांगते ते एकदाचं लिहून काढतेय.

मार कुठून येणार ते आधी ठरवा

माझं माहेर माण तालुक्यात. आई विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे आणायची, खाली जुन्या लुगड्याची चुंबळ. चुंबळ म्हणजे नुसती कापडाची गुंडाळी, पण तिचं काम बघा. हंड्याचा बूड एका जागी टोचू न देता भार गोल कड्यावर वाटून द्यायचा. भार वरून, सरळ आणि सावकाश येतो, म्हणून चुंबळीला ना कान ना पट्टा.

सासर जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला. तिथे पाऊस असा की माणच्या माणसाला पहिल्या वर्षी रडू येतं. सासूबाई भात लावायला इरलं घेऊन जायच्या. बांबूच्या कामट्या, त्यात पळसाची पानं, आणि आकार असा की डोक्यावरून पाठीवर उतरतो. कारण वाकलेल्या बाईचं डोकं कमी भिजतं आणि पाठ जास्त. दोन्ही हात रोपांसाठी मोकळे. छत्रीपेक्षा शंभरपट शहाणी वस्तू, पण आता प्लॅस्टिकची खोळ आली आणि इरलं करणारेही राहिले नाहीत.

डोक्यावरची कुठलीही वस्तू घ्या, तिचा आकार बघून मार कुठून येत होता ते ओळखता येतं. पहिलं महायुद्ध १९१४ साली सुरू झालं तेव्हा सैनिक कापडाच्या नाहीतर चामड्याच्या टोप्या घालून खंदकात उतरले होते. आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान त्या युद्धातून परत आले नाहीत. तोफेचे गोळे खंदकांवर हवेत फुटायचे आणि लोखंडाचे तुकडे वरून पडायचे. १९१५ मध्ये आधी फ्रेंचांनी आणि मग इंग्रजांनी पोलादी टोप काढला. इंग्रजांचा तो जॉन ब्रॉडी नावाच्या माणसाचा, दिसायला पालथ्या परातीसारखा, रुंद काठाचा. मार वरून, म्हणून काठ रुंद. जर्मनांनी १९१६ मध्ये आपला टोप आणला तो कानांवरून मानेपर्यंत उतरलेला, कारण तुकडे बाजूनेही येतात हे त्यांनी हिशेबात धरलं.

माझा धाकटा भाऊ मराठा पलटणीत होता. काश्मीरला असताना तो डोक्याला 'पटका' बांधायचा. आपल्या गावाकडचा कापडी पटका नव्हे, आत जाड पोलादाचे पत्रे असलेला. वजन अडीच किलोच्या आसपास. कपाळ आणि मागची बाजू झाकलेली, टाळू उघडी. "गोळी समोरून नाहीतर मागून येणार, आभाळातून थोडीच पडणार" असं तो हसून सांगायचा. त्या वजनाने त्याची मान अजून दुखते, आता निवृत्त होऊन घरी गुळाचा चहा पीत बसतो तरी.

आता गाडीवर या. तुम्ही पडलात तर मार वरून येतो का? जवळजवळ कधीच नाही. तो कपाळावर येतो, कानशिलावर येतो, मागच्या बाजूला येतो आणि हनुवटीवर येतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की हनुवटीवरून आडवी पट्टी गेलेलं, पूर्ण तोंड झाकणारंच घ्या. उन्हाळ्यात शिजतं, कबूल. पान थुंकता येत नाही, हेही एकाने तक्रारीच्या सुरात सांगितलं. पण नुसतं टाळू झाकणारं, वाटीसारखं हेल्मेट मी भिंतीवर ठेवायचंच बंद केलं. ते मागून आलं तरी मी देत नाही, आणि ह्यावरून घरात दोनदा भांडण झालंय.

एमआयडीसीतली पोरं कंपनीची पिवळी टोपी घालून गाडी चालवतात. ती टोपी वाईट नाही, ती दुसऱ्या कामाची आहे. ती आत बघा. टोपी डोक्याला टेकत नाही, पट्ट्यांच्या जाळीवर तरंगते, मध्ये बोट-दोन बोटं जागा सोडलेली. वरून पाना पडला की पट्ट्या ताणतात आणि धक्का खातात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बुलार्ड कंपनीने १९१९ साली कामगारांसाठी टणक टोप्या काढल्या, कॅनव्हास वाफवून, सरस लावून, वर काळा रंग देऊन. पुढे त्याच शहरात गोल्डन गेट पूल बांधताना, १९३३ पासून, त्या घालणं सक्तीचं झालं. आपल्याकडच्या कारखान्याच्या टोपीवर आयएस २९२५ असा आकडा असतो आणि गाडीच्या हेल्मेटवर आयएस ४१५१. आकडे वेगळे कारण कामं वेगळी. बाजूने आदळलात तर त्या पिवळ्या टोपीत कानापाशी काहीच नाही, आणि बहुतेकींना हनुवटीखाली पट्टाही नसतो. क्रिकेटच्या हेल्मेटचंही तेच. ते चेंडूसाठी आहे, रस्त्यासाठी नाही. सुट्टीत आलेली पोरं बापाच्या मागे तेच घालून बसतात, म्हणून सांगितलं.

अंगठ्याने दाबून बघा

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा भाचीला घेऊन बघायला गेले होते. ही गर्दी. सगळे वाघनखांवर डोळे लावून. मी मात्र उभ्या उभ्या विचार करत होते टोपाचा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज खानाला भेटायला गेले तेव्हा हल्ला कसा करायचा याची तयारी होती तशी हल्ला झाला तर काय याचीही होती. ग्रँट डफ, जो पुढे साताऱ्याच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी होता, त्याने लिहून ठेवलंय की महाराजांनी पागोट्याखाली पोलादी टोपी आणि अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला मऊ कापड, आत पोलाद. माझ्या धंद्यातल्या माणसाला ह्या गोष्टीत वाघनखांइतकाच रस वाटतो.

पोलाद एकटं कधीच नसायचं, हे लक्षात घ्या. जुन्या हिंदुस्तानी टोपात वर पोलादी वाटी, मानेवर कड्यांची झालर, समोर खालीवर सरकणारी नाकपट्टी, आणि आत रुईची जाड शिवलेली टोपी किंवा पागोट्याचे फेर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही चिलखतांच्या यादीत शिरस्त्राण आणि कंठत्राण अशी दोन वेगळी नावं येतात. म्हणजे डोकं आणि गळा वेगवेगळे सांभाळायचे हे तेव्हाही ठाऊक होतं. कवच वार अडवतं आणि पसरवतं. पण धक्का पोचतोच. तो धक्का खायला मध्ये काहीतरी मऊ लागतं. फुटाणे कुटताना फडक्यात गुंडाळून कुटले तर फडकं फाटत नाही, पण फुटाण्यांचं पीठ होतंच ना? तसं.

हिशेब सोपा आहे. सिग्नलला थांबलेल्या गाडीवरून नुसते आडवे पडलात, गाडी जागची हलली नाही, तरी दीड मीटर उंचीवरून आलेलं डोकं साधारण ताशी २० किलोमीटर वेगाने डांबरावर आदळतं. त्याला थांबायला किती जागा मिळते यावर सगळं ठरतं. कवटीला दोन मिलिमीटरमध्ये थांबावं लागलं तर जेवढा मार, त्याच्या दहावा हिस्सा मार वीस मिलिमीटरमध्ये थांबायला मिळालं तर. हेल्मेट म्हणजे ते वीस मिलिमीटर विकत घेणं. बाकी रंग, पट्टे, शिंगं हे सगळं वरचं.

हे कळायला जगाला बराच वेळ लागला. इंग्लंडात १९३५ च्या मे महिन्यात लॉरेन्स नावाचा नावाजलेला लष्करी माणूस मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. अरबस्तानातल्या लढायांमुळे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध होता तो. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी तो विषय सोडला नाही. १९४१ मध्ये त्यांनी हिशेब मांडला की दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २२७९ मोटरसायकलवाले आणि मागे बसलेले रस्त्यावर मेले. ती बाँबने मेलेली माणसं नव्हती, रस्त्यावर पडून मेलेली होती. त्यांना हेल्मेट घालून पडलेले फक्त सात जण सापडले, आणि सातही जगले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडच्या सैन्याने मोटरसायकलवरच्या जवानांना हेल्मेट सक्तीचं केलं. सात हा काही मोठा आकडा नाही. पण सगळे दोन हजार समोर ठेवल्यावर कुणालाही पुरेसा वाटावा.

तरी तेव्हाच्या हेल्मेटात बूच आणि पट्ट्या असायच्या. आज आत जो पांढरा थर्माकोल असतो तसल्या चेचणाऱ्या अस्तराचा शोध रॉथ आणि लोम्बार्ड या दोघांच्या नावावर आहे, पेटंट १९५३ चं. त्यांची युक्ती अशी की आतला फेस उसळणारा नको. स्पंज दाबला की परत वर येतो, म्हणजे धक्का तो परत तुमच्या डोक्याला देतो. थर्माकोल चेचला की चेचलेलाच राहतो. धक्का तो स्वतः पोटात घालतो.

म्हणून आता दुकानात काय करायचं. हेल्मेट उलटं धरा. कापडी अस्तर कडेला जरा बाजूला सारा. अंगठ्याने दाबा. बोटाएवढा जाड, दाणेदार, कडक थर्माकोल लागला पाहिजे, कपाळापासून मागच्या मानेपर्यंत आणि दोन्ही कानशिलांवर. नुसता स्पंज लागला तर परत भिंतीवर ठेवा, भाव कितीही गोड असो. महामार्गाच्या कडेला झाडाला टांगलेल्या दोनशेच्या हेल्मेटांत बहुतेक वेळा मला स्पंजच लागलाय. दाबताना जोर मात्र बेताने लावा, नख रुतवून खड्डा पाडलात तर ते मलाच विकावं लागेल.

माप

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक इथेच सर्वांत जास्त चुकतात. मीही चुकले आहे.

शिंप्याचा टेप घ्या. भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात फुगतं तिथून फिरवून आणा. ५८ सेंटिमीटर आलं तर हेल्मेटवर ५८ किंवा ५८० लिहिलेलं बघा, दोन्ही एकच. पण माप हे नुसतं दार आहे. एका कंपनीचं ५८ दुसरीपेक्षा सैल असतं, आणि डोकी तर काय, कुणाचं नारळासारखं गोल, कुणाचं पपईसारखं लांबट. घालून बघितल्याशिवाय उपाय नाही. घरबसल्या मागवणाऱ्यांनी परत पाठवायची सोय आहे का ते आधी बघावं.

घातलं की गाल आत दाबले गेले पाहिजेत. फुगा फुगवताना तोंड होतं तसं थोडं. आरशात बघून हसू आलं तर माप बरोबर आहे. हनुवटीची पट्टी धरून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी सोबत फिरली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, तर एक माप कमी घ्या. मग स्टुलावर दहा मिनिटं बसा. मी बसवते. लोकांना राग येतो, घाई असते. दहा मिनिटांनी काढलं की कपाळावर एकाच ठिकाणी लाल वण उठला तर ते हेल्मेट तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही, तिथे रोज दुखणार आणि आठवड्यात तुम्ही ते घरी ठेवायला लागणार. सगळीकडून सारखं आवळतंय तर बरंच आहे. अस्तर महिन्याभरात बसतं. सैल असलेलं कधी घट्ट होत नाही.

माझी चूक सांगते. बरीच वर्षं झाली. कोरेगावकडचे एक मास्तर आले होते, नीट भांग पाडलेले. त्यांना ५८ नीट बसत होतं, पण भांग मोडतो म्हणाले. ६० दाखवा. मी एकदा म्हटलं मोठं होतंय, दुसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण दुकानात गर्दी होती आणि ते पैसे मोजत होते. नोव्हेंबरात, उसाचा हंगाम लागल्यावर, रात्री एका ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीला त्यांची गाडी घासली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, असा दिवा मी आजवर फार थोड्या ट्रॉल्यांना पाहिलाय. महिन्याभराने मास्तर आले, हेल्मेट हातात. हेल्मेट कोरं करकरीत, एक ओरखडा नाही. डोक्याला अकरा टाके. ते पडायच्या आधीच उडून शेतात गेलं होतं. मास्तर चांगले, रागावले नाहीत, "आता ५८ द्या" एवढंच म्हणाले. मी पैसे घेतले नाहीत. त्यानंतर कुणालाही मोठं माप देत नाही, गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

बायकांसाठी थोडं वेगळं. अंबाडा उंच बांधलात की हेल्मेट मागून उचललं जातं आणि कपाळ उघडं पडतं. वेणी मानेपाशी, खाली घाला. केसात ती मोठी दातेरी क्लिप असेल तर गाडीवर बसण्याआधी काढून पर्समध्ये. ती प्लॅस्टिकची असली तरी पडल्यावर कवटीत घुसायला तयारच असते. गजरा चेंगरतो याला माझ्याकडे उत्तर नाही, पोचल्यावर माळा. आणि स्कार्फ. आपल्याकडच्या पोरी उन्हासाठी तोंडाला जाड ओढणी दोन फेऱ्यांत गुंडाळतात आणि वर हेल्मेट चढवतात. बांधायचा असेल तर पातळ सुती बांधा, आणि हेल्मेट घ्यायला येताना तोच बांधून या, म्हणजे त्यावर माप बघता येईल. पुरुषांपैकी एकजण तर लग्नाच्या वरातीतून थेट आला होता, डोक्यावर भगवा फेटा. "शिखांना सूट आहे ना पगडीमुळे, मग मला का नाही?" कायद्यात सूट पगडी घालणाऱ्या शिखांनाच आहे. फेट्याचे फेर तलवारीची धार थोडी बोथट करतील, डांबराचा मार नाही.

पट्टा लावला नाही तर टोपीच

डोक्यावर आहे पण पट्टा उघडा आहे, हे दृश्य मला दिवसाला शंभरदा दिसतं. पोलीस दिसेपर्यंत कोपराला लटकवणारे वेगळेच. त्यांना मी म्हणते, कोपर फुटलं तर प्लॅस्टर होतं.

पट्टा हनुवटीच्या मागे, गळ्याच्या बाजूला बसवा, हनुवटीच्या टोकावर नको. पट्टा आणि गळा यांच्यात दोन बोटं जातील एवढा घट्ट. मग खरी परीक्षा. मान खाली घाला, दुसऱ्या कुणाला तरी मागून हेल्मेटचा खालचा काठ धरून पुढे वर ढकलायला सांगा. डोळ्यांवरून पुढे निघून आलं तर ते नको. ही परीक्षा मी प्रत्येकाची घेते. एका आजोबांचा चष्मा त्यात उडाला, तो मी भरून दिला. तेव्हापासून चष्मा आधी काढायला सांगते.

टिकटिक वाजणारं प्लॅस्टिकचं कुलूप असेल तर दुकानातच दहा वेळा लावून-काढून बघा. दोन लोखंडी कड्यांतून पट्टा ओवायचा प्रकार असेल तर शिकायला दोन दिवस लागतात, पण तो मला जास्त विश्वासाचा वाटतो. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

शिक्का आणि कायदा

१ जून २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. शिक्का मागे चिकटवलेला किंवा छापलेला असतो, वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसता शिक्का बघून भुलू नका, शिक्के छापायला काय लागतं. मोबाईलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव येतं. मी गिऱ्हाइकासमोर टाकून दाखवते. आत एका चिकटपट्टीवर बनवल्याचा महिना आणि वर्षही असतं, तेही बघा, तीन-चार वर्षं गोदामात पडलेला माल घेऊ नका.

हेल्मेट न घालता गाडी चालवली तर कायद्यात दंड १,००० रुपये आणि परवाना तीन महिने निलंबित. मागे बसणाऱ्यालाही लागू, चार वर्षांवरच्या मुलांनाही. त्याहून लहान मुलांसाठी २०२२ साली वेगळा नियम आला, हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा. लहान मुलांना मोठ्यांचं हेल्मेट घालून "मोठा झाला की वापरेल" असं कृपा करून म्हणू नका. हा स्वेटर नाही.

वापरताना

आरशाला लटकवू नका. सगळे लटकवतात, मला माहीत आहे. आरशाचा दांडा आतल्या थर्माकोलमध्ये हळूहळू खड्डा पाडतो, आणि तो खड्डा नेमका टाळूवर किंवा कानशिलावर. तेवढे मिलिमीटर गेले. गरम सायलेन्सरवर ठेवू नका. टाकीवर ठेवून पेट्रोल भरू नका, थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. खोटं वाटत असेल तर पॅकिंगच्या तुकड्यावर थेंब टाकून बघा, लोण्यासारखा वितळतो. म्हणूनच थिनरने डाग काढणं, वरून स्प्रेने रंग मारणं हेही नको. दसऱ्याला गाडीबरोबर हेल्मेटची पूजा करायला माझी ना नाही, पण कुंकवाचे डाग नुसत्या पाण्याने पुसा.

अस्तर निघणारं असेल तर महिन्यातून एकदा काढून केसांच्या शाम्पूने कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. न निघणारं असेल तर ओल्या फडक्याने. डोक्याला तेल चोपडून थेट हेल्मेट घालणाऱ्यांचं अस्तर सहा महिन्यांत कडक होतं आणि वास असा येतो की मी हातमोजे घालून हात लावते.

काच पारदर्शकच घ्या. काळी काच दिवसा छान दिसते आणि रात्री लिंबखिंडीत समोरचं काहीच दिसू देत नाही. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढताना धुक्यात काच आतून धुरकट होते. त्याला एक घरगुती उपाय आहे. भांड्यांच्या द्रव साबणाचा अगदी एक थेंब बोटाने काचेला आतून लावा आणि मऊ कोरड्या फडक्याने पुसून काढा, साबण दिसता कामा नये. दोन-तीन दिवस धुकं धरत नाही. तरी धरलंच तर काच एक खाच उघडी ठेवा. काचेवर ओरखडे झाले की बदला, सुटी काच मिळते आणि ती हेल्मेटच्या मानाने स्वस्त असते. समोरच्या गाडीचा दिवा ओरखड्यांवर फुटून डोळ्यांपुढे जाळं होतं, आणि म्हातारपणी ते आणखी वाढतं.

रंग पांढरा, पिवळा, केशरी. काळं घेऊन उन्हात शिजायची आणि रात्री न दिसायची हौस पोरांनाच असते. मी दोनदा सांगते, मग काळं देते.

टाकून देताना

एकदा जोरात आदळलं की ते संपलं. बाहेरून एक रेघही नसेल, आत थर्माकोल चेचलेला असतो आणि चेचलेला परत फुगत नाही. दोन मिलिमीटर, चार मिलिमीटर, किती गेले ते डोळ्यांना कळत नाही. न पडताही पाच वर्षांनी बदला, घाम आणि ऊन दोन्ही त्याला खातात. हातातून घरातल्या फरशीवर एकदा निसटलं तर इतकं घाबरू नका, आत डोकं नव्हतं. पण तपासून घ्या.

भंगारवाल्याला तसंच देऊ नका. तो ते पुसून आठवडी बाजारात पन्नास रुपयांना विकतो, आणि कुणाचा तरी पोरगा ते घालून महामार्गावर जातो. आधी कात्रीने दोन्ही पट्टे मुळापासून कापा. माझ्याकडे जुनं घेऊन आलात तर मीच कापते, ह्यांच्या कापडाच्या कात्रीने, आणि मग ह्यांची बोलणी खाते.

कापलेली दोन मी माणला आईकडे नेली होती. आता तिला चुंबळ लागत नाही, नळ दाराशी आलाय. एकात तिने तुळशीची रोपं लावली होती, ती उन्हाने गेली. दुसऱ्यात खुडुक कोंबडी बसते. आत मऊ अस्तर, वर टणक कवच, आणि मधोमध अंडी. आई म्हणते, तिला घालायला एक पट्टा तेवढा ठेवायला हवा होतास.